सिद्धोधनचा कॅन आणि हिरवं लोखंड

मानवतच्या आसपासच्या गावांत सिद्धोधनला सगळे ‘गाईचा डॉक्टर’ म्हणतात. गाय माजावर आली की फोन जातो, आणि मोटारसायकलला कॅन बांधून हा हजर! त्या कॅनमधल्या वाफाळत्या द्रव नायट्रोजनमध्ये वळूचं बीज गोठवलेलं असतं. हात गाय भरवण्यात गुंतलेले असले, तरी तोंड मात्र लेकीविषयीच चालू.

"आमची सुकेशनी परभणीला लोखंडाचा हिरवा रंग करायलीय!"

लोक गालात हसायचे. गंजलेलं लोखंड तांबडं दिसतं, हिरवं कुणी पाहिलंय? खरं तर त्यानंही पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला मनातून सलायचं. सुकेशनीनं एकदा समजावलं होतं. आपल्या यकृतात लोखंड असलेलं एक एन्झाइम ऑक्सिजन धरून औषधं फोडतं, पण इतकं झटपट की नजरेला सापडत नाही. म्हणून ती त्याची छोटी नक्कल काचेच्या नळीत करते; त्या नकलेतल्या लोखंडानं ऑक्सिजन धरला की ती हिरवी दिसते.

"पोळ्याचा मातीचा बैल असतो ना बाबा, तसं. फक्त हा बैल थोडा वेळ खरंच नांगर ओढतो. त्याला टिकायला कडक थंडी लागते, एवढंच."

आणि नेमक्या मे महिन्यात तिचं पीएच.डी.चं काम तपासायला बाहेरच्या विद्यापीठातल्या मॅडम आल्या. "मला रंग डोळ्यांनी बघायचाय," म्हणाल्या. नळी गार करायला लांबून मागवलेल्या कोरड्या बर्फाचं खोकं उघडलं, तर आत नुसती हवा. सगळा बर्फ वाटेतच उडून गेला होता! सुकेशनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं बापाला फोन लावला.

"बाबा, तुमचा कॅन घेऊन येता का?"

"निघालोच! सगुणाबाईच्या गाईपुरतं तेवढं ठेवावं लागंल."

प्रयोगशाळेपाशी पोचला खरा, पण बुटांना शेण, म्हणून दारातच थबकला.

"बाहेर काय उभे राहायलात? या आत," म्हणत सुकेशनीनं त्याला ओढलंच.

नळीभोवतीच्या भांड्यात नायट्रोजन ओतला, वाफा फरशीभर पसरल्या. गार झालेल्या नळीत तिनं ऑक्सिजन देणाऱ्या रसायनाचे थेंब सोडले. आधी काहीच नाही. मग हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा रंग चढला आणि टिकला. मॅडम वाकून बघत राहिल्या, म्हणाल्या, "वा!" सिद्धोधनही शेणाचे बूट विसरून नळीपाशी सरकला. सुकेशनीनं नळी बाहेर काढली, आणि बघता बघता तो रंग तपकिरी झाला.

दुपारी सगुणाबाईची गाय दावणीला पाय आपटत होती.

"लय उशीर केलात डॉक्टर! झालं का तुमचं लोखंड हिरवं?" सगुणाबाईनं नेहमीसारखं डिवचलं.

एरवी त्यानं अर्धा तास पुराण लावलं असतं. आज कॅनचं झाकण उघडता उघडता तो एवढंच म्हणाला, "झालं. म्या बघितलं."