दुसरा आणि चौथा रविवार

आईनं आणि मी नाशिकरोड सोडलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. सत्तरचं दशक. टांग्यात ट्रंक, शिलाई मशीन आणि आम्ही दोघी. माझे वडील, अण्णा, फाटकात उभे. म्हणाले, "हिचा स्वेटर घेतलास का?" आई म्हणाली, "घेतला." नऊ वर्षांच्या संसाराचा निरोप एवढाच.

इगतपुरीला आईला शाळेत नोकरी मिळाली होती. अण्णांची नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधली नोकरी, ते नाशिकरोडलाच राहिले. कोर्टानं ठरवलं, मी आईकडे राहायचं. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी अण्णांनी मला न्यायचं आणि संध्याकाळी पाचला इगतपुरी स्टेशनवर आईच्या हवाली करायचं.

अण्णा सरकारी नोकर. हुकूम म्हटला की त्यांना घाम फुटायचा. पण गाडी लवकर पोचली, तर मला पुलावरच थांबवून म्हणायचे, "अजून सात मिनिटं आपली आहेत." खालून आई घड्याळावर बोट आपटायची.

एकदा पावसात गाडी घोटीलाच अडकली. साडेपाच वाजले तरी हलेना. "आता मला आत टाकतात!" म्हणत अण्णांनी मला हायवेवर नेलं आणि मुंबईकडे निघालेला कांद्याचा ट्रक थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, "एवढी घाई कसली हो, लग्न हाय का?" अण्णा म्हणाले, "नाही, झालेलं मोडलंय." ड्रायव्हरनं मला पांघरायला कोरडं पोतं दिलं.

पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. आई रडून लाल झालेली. अण्णा हात जोडून म्हणाले, "दीड तास उशीर झाला. कोर्टात सांगायचं तर सांग." आईनं आधी माझं डोकं पुसलं, मग त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही जेवलात का?"

"तुझ्या घरी यायला मला मनाई आहे."

"प्लॅटफॉर्मवर जेवायला नाही ना?" म्हणत ती घरी गेली आणि पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आली. तेव्हापासून दर वेळी डबा यायचा. पुन्हा एकत्र मात्र ते कधी राहिले नाहीत.

मी अठराची झाले, हुकूम संपला. तेव्हा मी मुंबईत नर्सिंगला होते. पहिल्या सुट्टीत आधी कुठे उतरायचं, हे सांगायला कोर्ट नव्हतं. मी दोघांनाही वेगवेगळं पत्र टाकलं, आधी त्यांच्याकडेच येतेय म्हणून. इगतपुरीला गुपचूप उतरावं म्हटलं, तर अण्णांना धीर न धरवल्यानं तेही तिथंच आलेले. दोघांच्या हातात माझी पत्रं.

आई म्हणाली, "खोटं बोलायला कुठे शिकली ही?"

अण्णा म्हणाले, "माझ्याकडे नाही. माझ्याकडे महिन्यातून दोनच दिवस असायची."

आता दोघंही नाहीत. मी ठाण्यात राहते. गाव कोणतं विचारलं, की मी नाशिकरोड म्हणते. मग आईला काय वाटेल म्हणून घाईघाईनं इगतपुरीही सांगते. विचारणारा गोंधळतो. मी त्याला गोंधळू देते.