बिनदगडाची लेकरं

मातीवाले तात्या त्या जागेत चप्पल घालून कधी गेले नाहीत. भर उन्हात तापलेल्या मुरमावर अनवाणी चालायचे आणि दुसऱ्यालाही चपला बाहेर काढायला लावायचे. बारामतीजवळच्या जळोची गावाच्या कडेला आमची माती द्यायची जागा होती. आमच्यात माणूस गेलं की पुरतात, आणि ते काम तात्यांचं.

मोठ्या माणसाच्या उशाला ते दगड उभा करायचे. तान्ह्या लेकराला मात्र नाही. मीठ टाकायचं, माती लोटायची, बस्स. माझी सात दिवसांची मुलगी पुरली तेव्हा मलाही म्हणाले, "लेकरावर दगूड ठिवू नये, पोरी. जड हुतंय त्याला." खूण नसली तरी कुणाचं लेकरू कुठं, हे त्यांना तोंडपाठ होतं. बायका विचारायला गेल्या की नेमक्या जागेवर नेऊन उभं करायचे.

नव्वदच्या दशकात बारामती वाढत वाढत आमच्या अंगणाला येऊन भिडली. प्लॉट पाडायला आलेला एक साहेब म्हणाला, "जिथं दगड असेल, तेवढी जागा सोडतो." मोठा दानशूरच की नाही. तात्या लेकरांच्या जागा दाखवू लागले. "हितं एक हाय, तितं दोन..." साहेबाने घड्याळात बघितलं. "आजोबा, तोंडी चालत नाही. दगड कुठाय?"

माझं डोकंच फिरलं. तात्यांना म्हटलं, "परवा मोजणी आहे, ठेवा दगड." ते न्हाय न्हाय म्हणत राहिले. मी हट्टालाच पेटले, रडले, नाही नाही ते बोलले. शेवटी त्या म्हाताऱ्याने दिवसभर ओढ्यातले दगड वाहिले आणि एकेका लेकरावर एकेक ठेवला. जन्मात केलं नव्हतं ते माझ्यापायी केलं.

मोजणीच्या दिवशी दगडांवरचा ओढ्याचा गाळ अजून ओला होता. साहेबाने तो बुटाने खरवडला. "कालचे आहेत हे. फसवता काय आम्हाला?" जेसीबीने आधी लेकरांचीच बाजू धरली. फसवता म्हणताना त्या मेल्या साहेबाची जीभ झडली नाही.

मग तात्या लेकरं गेलेल्या घराघरांत हिंडले. माझ्या दारात येऊन हात जोडले. "चुकलं माझं, पोरी. तुझ्या लेकीवर वझं ठिवलं म्या." दगड ठेवा म्हणून मागे लागले होते मी. तेवढं तरी त्यांना सांगायला हवं होतं. मी दार लावून घेतलं.

पुढच्याच महिन्यात तात्या गेले. उरलेल्या तुकड्यात नवी माती द्यायला मनाई होती, म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांना माती देणाऱ्या माणसाला जाळावं लागलं. त्या साहेबाला मी आजही शिव्या घालते, पोटभर घालते. पण ते दार साहेबाने लावलं नव्हतं.