न्हाणीघरामागचा पारा

थंडीवरून भावाचा हेवा करणारा माणूस अख्ख्या मावळात मी एकटाच असेन.

चुलतभाऊ माझ्याहून धाकटा. पवनानगरला धरणाच्या कडेला शेती करतो, मी लोणावळ्यात राहतो. दोघांनी एकाच दुकानातून तापमापक घेतले आणि हिवाळाभर पहाटेचा पारा वहीत लिहायचं ठरवलं. कल्पना माझी, वह्याही मीच आणल्या. आणि पहिल्याच डिसेंबरपासून हा रोज फोन करणार, "दादा, हितं तुमच्यापरीस तीन अंश कमी हाय." सगळं जग लोणावळ्याला थंड हवेचं ठिकाण म्हणतं, आणि थंडी मात्र याच्या बांधावर! माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

पंधरा वर्षं हे सोसलं. यंदा एका वार्ताहराला जुन्या कडाक्याच्या हिवाळ्यांच्या नोंदी हव्या होत्या. त्यानं फोन केला तो याला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी भावकीच्या ग्रुपवर मी लिहूनच टाकलं, की धरणाकाठच्या ओल्या गवतात तापमापक ठेवला तर पारा उतरणारच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं हा दारात हजर. कानटोपी, पिशवीत आमच्यासाठी वालाच्या शेंगा.

"दादा, माझा खांबाला टांगलाय, गोठ्यापासनं लांब, सावलीत. तुमचा कुटं हाय?"

मी ऐटीत मागं नेलं. गारठ्यात बाहेर पडायला नको म्हणून मी तो न्हाणीघराच्या खिडकीबाहेर लावला होता. आतूनच वाचता येतो. खिडकीखाली तांब्याचा बंब धगधगत होता आणि धूर त्याच खिडकीतून बाहेर जात होता.

त्यानं जरा वेळ पाहिलं. "वयनी, बंब कवा पेटवता?"

"पाचला," बायको म्हणाली. "फारच थंडी असली तर साडेचारला. लाकडंही जास्त घालते."

म्हणजे थंडी जितकी जास्त, तितका माझा तापमापक शेकत बसलेला. पंधरा वर्षं! आता हा हसणार, ग्रुपवर टाकणार, म्हणून मी दात आवळून उभा राहिलो. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो चहा पिऊन निघून गेला.

रविवारी बातमी आली. फोटो त्याचाच. खाली त्याचे शब्द: 'ही नोंद आमच्या दादांनी सुरू केली, मला वही त्यांनीच दिली. सगळ्यात कडाक्याच्या साली लोणावळ्यातही इतकीच थंडी होती.' शेवटचं वाक्य त्यानं पदरचं घातलेलं. ग्रुपवर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि बंबाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

कात्रण वहीत चिकटवलंय. थंडीचं आता मला काही वाटत नाही, नेऊ दे त्याला. पण आजोबा आमचे एकच होते. मग एवढं मोठं मन सगळंच्या सगळं त्याच्याच वाटणीला कसं गेलं?