एकमताने मंजूर

रिटायर झालं की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, औषधं आणि किस्से. औषधं निदान संपतात तरी! चाकणच्या आमच्या कंपनीत मी पर्सनलला होतो आणि नियम ठरवणाऱ्या कमिटीत कायमचा. माझी भाची सामाजिक मानसशास्त्र शिकवते. म्हणते, "मामा, धोरण कागदावर ठरत नाही, शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं." म्हटलं, बाई गं, त्यासाठी कॉलेज कशाला, आमच्या मीटिंगला यायचंस!

*

आमचे साहेब आधी स्वतःचं मत सांगायचे आणि मग विचारायचे, "कोणाला काही वेगळं वाटतं?" कोणाला वाटणार! मिनिट्समध्ये "एकमताने" हा शब्द मी मीटिंगच्या आधीच लिहून ठेवायचो.

*

कॅन्टीनला दर गुरुवारी दोडका. घशाखाली उतरायचा नाही, पण युनियनच्या शिंदेमामांना तो प्रिय, म्हणून कमिटीत आम्ही सगळे गप्प. एकदा मी माझ्या ताटातला दोडका प्रेमाने त्यांना वाढायला गेलो. मामा कळवळले, "आरं राव, आमाला कुठं आवडतोय! तुमाला आवडतो म्हनून आमी गप हाय!"

*

साहेबांनी गेटवर बोर्ड लावला, "बरेच कामगार हेल्मेट घालत नाहीत, ही खेदाची बाब आहे." दुसऱ्या दिवशी घालणारेही घालेनात. भोसरीहून बाइकवर येणाऱ्या एका फिटरला मी हटकलं. तो म्हणाला, "साहेब, इतके दिवस मला वाटायचं, सगळेच घालतात!"

*

आता तिथे मीटिंग स्क्रीनवर होते म्हणे. मला ते टेबल आठवतं, आणि ती माणसं फार आठवतात.

कॅन्टीनच्या सुमनताई कंपनीच्या बसमधून मोशीला एकट्याच उतरायच्या. दुसरी शिफ्ट सुटल्यावर तिकडे जायला दुसरं काही मिळायचं नाही. ती बस बंद झाली की त्यांची नोकरी गेली. एका मीटिंगला साहेब म्हणाले, "मोशीचा फेरा बंद करू." आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो.

शिंदेमामा म्हणाले, "साहेब, डोळे मिटून हात वर करू. म्हंजी कुनी कुनाकडं बघायला नको."

साहेबांना कल्पना आवडली. "बस चालू राहावी असं वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी डोळे मिटले. जरा वेळाने उघडले, तेव्हा लक्षात आलं, हात मोजायला कोणी डोळे उघडे ठेवलेच नव्हते!

दारात चहाचा ट्रे घेऊन सुमनताई उभ्या होत्या.

"मी पाहिलं की," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे हात वर होते. साहेबांचा तर सगळ्यात आधी."

मामा खोकले. मी पेनचं टोपण काढलं. साहेबांनी आपल्या उजव्या हाताकडे एकदा पाहिलं, चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "लिहा. एकमताने."