सागवानी बासचा कंट्रोल

ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही. गाणारा दिसतो, ढोलकीवाला दिसतो, अ‍ॅकॉर्डियनवाला तर जरा जास्तच दिसतो. बासवाला मागे उभा असतो आणि लोकांना वाटतं, हा सामान राखायला आलाय. ऐंशीच्या दशकात आर्वीला आमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा होता. लग्न, गणपती, शारदोत्सव, शाळेचं गॅदरिंग, बोलावतील तिथे आम्ही जायचो. त्यातला सामान राखणारा मी.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. आमची तालीम आमच्याच पडवीत चालायची आणि ड्युटी नसली की ते आत पलंगावर पडून ऐकायचे. एकदा तालीम संपल्यावर चहा पिता पिता त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "ह्या समद्यात तुहा आवाज कोन्ता रे?"

"खालचा, बाबा. जाडा असतो तो."

"मले तं काई आयकू येत नाई. तू नुसता तारा खाजवून राह्यला असं वाटते."

बाकीचे चौघं पोट धरून हसले. वडिलांनी चिडवायला विचारलं असतं तर मी दोन शब्द ऐकवले असते. त्यांनी खरंच विचारलं होतं, म्हणून ते फार लागलं. दोन दिवस मी घरात धड बोललो नाही. काय वाटेल ते होवो, या माणसाला माझा आवाज ऐकवायचाच, असं मी ठरवून टाकलं.

दोष त्यांच्या कानांचा नव्हता, हे मलाही कळत होतं. माझी बास कुठल्या कंपनीची नव्हती. गावातल्या सुताराने मासिकातला फोटो बघून ती सागवानातून कोरून दिली होती, आणि लाकडाच्या बाबतीत हात अजिबात आखडता घेतला नव्हता. तासभर गळ्यात घेतली की खांदा बोलायला लागायचा. तारांचा आवाज पकडणारा पिकअप कलकत्त्याहून मागवला होता. पण आवाज कमी-जास्त करायचा कंट्रोल कुठल्याशा ट्रान्झिस्टरमधून काढलेला, दहा के-चा, म्हणजे दहा हजार ओहमचा. एवढा लहान कंट्रोल पिकअपचा निम्मा आवाज तिथल्या तिथेच गिळून टाकतो. स्पीकरपर्यंत पोचायचा तो उरलासुरला.

हे मला सांगितलं माझ्या मित्राने. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही दोघंही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत गेलो होतो आणि तिथूनच परत आलो होतो.

"तुले पाचशे के-चा लागते बे," तो म्हणाला आणि मेलेल्या रेडिओंच्या कंट्रोलने भरलेला खण त्याने टेबलावर उपडा केला.

पहिला बसवला तो आकड्याने बरोबर निघाला, पण चालीने आडदांड. बटण जरासं फिरवलं की सगळा आवाज एकदम अंगावर, आणि पुढे कितीही फिरवा, फरक शून्य. दुसऱ्याची चाल छान होती, आवाज हळूहळू चढायचा; पण दांडी एवढी आखूड की सुताराच्या उदार सागवानातून ती बाहेरच येईना. मी मागून लाकूड कोरायला पटाशी हातात घेतली, तशी मित्राने ती काढून घेतली. शेवटी एका जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा कंट्रोल सापडला. पाचशे के-चा, चाल हळुवार, दांडी बोटभर लांब. त्यालाच रेडिओ चालू-बंद करायचा स्विच होता, त्याची तार आम्ही जोडली नाही. पण बटण शून्यावर नेलं की तो टक् करून वाजायचा, आणि मला ते फार आवडायचं. बटणही त्याच रेडिओचं, साय रंगाचं, सोनेरी कडेचं. पडवीत पहिली तार छेडली तशी आई आतून ओरडली, "फळीवरचे डबे हालून राह्यले ना रे!"

मी खूश. वडील मुक्कामी गाडीवरून परतले त्या दिवशीच्या तालमीत मी जीव तोडून वाजवलं. नंतर हळूच विचारलं, "आलं का आयकू?"

"समदंच येते," ते कूस बदलत म्हणाले. "बरं चाललं तुमचं."

पुढचे दोन महिने प्रत्येक तालमीनंतर मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो आणि ते चहाकडे बघायचे.

जानेवारीत कंट्रोल खरखरायला लागला. गावात कापसाचा हंगाम, हवेत रुईचे तंतू; सगळं आत जाऊन बसलेलं. प्रजासत्ताक दिनाला सकाळी शाळेच्या मैदानावर आमचा कार्यक्रम होता आणि वडील सुट्टी घेऊन येणार होते. आदल्या दुपारी आम्ही कंट्रोल रॉकेलने धुतला. मग थोडं तेल सोडू म्हटलं, तर दुकानातली मशीन ऑईलची कुपी कोरडी. मी घरून आईची खोबरेल तेलाची बाटली आणली. ऊन चांगलं होतं, तेल पाण्यासारखं आत गेलं, खरखर पार थांबली. खूश होऊन आम्ही आणखी थोडं सोडलं. मी बटण शून्यावर नेलं, टक् ऐकलं आणि बास पडवीत ठेवून दिली.

थंडीत आमच्याकडे खोबरेलाची बाटली आंघोळीआधी उन्हात ठेवावी लागते, नाहीतर तेलाचा थेंब निघत नाही. हे मी जन्मापासून बघत होतो. पण बाटलीत गोठणारं तेल कंट्रोलमध्येही गोठेल, हे माझ्या दिव्य डोक्यात आलं नाही.

सकाळी मैदानावर सगळे मफलर बांधून बसले होते. झेंडावंदन झालं, गाणं सुरू झालं, मी बटण फिरवलं. बटण गरगर फिरलं. आतली दांडी जागची हलली नाही. शून्य. पाठीमागची फळी उघडायला स्क्रू होते आणि स्क्रूड्रायव्हर घरी. सगळा कार्यक्रम मी मुक्या बासवर बोटं नाचवत उभा राहिलो. वर मुख्याध्यापक येऊन म्हणाले, "आज फार छान झालं हो, अगदी स्वच्छ!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे वडील म्हणाले तेच खरं होतं. मी असलो काय, नसलो काय.

घरी येऊन मी बास कोपऱ्यात टेकवली आणि चहाला नाही म्हणालो. वडील मफलर सोडत आत आले.

"आज काय झालतं रे तुमच्या गान्याले?"

"काई नाई."

"काई नाई कसं? उतारावर न्यूट्रलमधे गाडी सोडल्यावानी वाटत होतं. धावून राह्यली, पन इंजिनच नाई! मले तं बसल्या जागी भेव वाटलं. रोजचा तो खालचा आवाज कुठी गेलता?"

डोळे भरून आले आणि ते लपवायला मी उगाच बासच्या तारा पुसत बसलो. मग कसंबसं म्हणालो, "तोच माझा होता, बाबा."

त्यांनी बासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग तो बंद नको करत जाऊ," ते म्हणाले.