फिलोमेनाचा डूख

डूख धरावा तर फिलोमेनानं. माझ्या कुंपणापलीकडे ती पंचवीस वर्षं राहते आणि एवढ्या काळात तिनं कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं एकदा शिळे पास्टिझी, चीज भरलेले पफ, बांधून दिले, तेव्हापासून ती बसनं पार दुसऱ्या उपनगरात जाते. गुडघे बोंबलतात, तरी जाते. शिवणकामाच्या कारखान्यात असताना सगळ्या बाया मुकादमाला घाबरायच्या, आणि मुकादम हिला. अशा बाईच्या नवऱ्याला कुणी भर सभेत खोटारडा म्हणावं म्हणजे काय झालं असेल, बघा.

म्हणणारा वेन्झू, कबुतरांच्या शर्यतींच्या क्लबचा चिटणीस. आमच्या सेंट ऑल्बन्स उपनगरातल्या माल्टी लोकांच्या घरी एक वेळ पोरांच्या ताटात कमी पडेल, पण ढाबळीत दाणे कमी पडायचे नाहीत. फिलोमेनाचा नवरा साल्वू त्यातलाच. हंगामातली शेवटची, सगळ्यात लांबची शर्यत आपल्या राखी मादीनं जिंकली, असं त्याचं म्हणणं. पाखरू ढाबळीच्या दारातून आत शिरलं की त्याच्या पायातल्या कडीची वेळ घड्याळात नोंदली जाते. ती नोंद निघाली उशिराची. साल्वू म्हणाला, घड्याळ बिघडलंय, पाखरू केव्हाच आत गेलं होतं. वेन्झूनं घड्याळ तपासून घेतलं, ते ठणठणीत होतं. मग त्यानं साल्वूला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं आणि क्लबातून काढलं. साल्वूनं मान खाली घातली ती घातलीच. पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

फिलोमेनाला एकच हवं होतं. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर वेन्झूनं तो शब्द गिळायचा.

एवढी वर्षं पुरावा तिच्याच परसात होता आणि तिला पत्ता नव्हता. ससाण्याच्या भीतीनं साल्वूनं परसात कॅमेरा लावला होता आणि त्याचं सगळं चित्रण ढाबळीतल्या फळीवरच्या एका काळ्या डब्यात साठत होतं. घरातल्या नेटवर्कला जोडायचा स्टोरेजचा डबा तो, आत दोन हार्ड डिस्क. मुलांच्या फोटोंसाठी माझ्याकडेही तसलाच आहे, म्हणून मी ओळखला. तो काय आहे हे कळल्यावर तिनं तो असा उराशी धरला की कबुतर उराशी धरणाऱ्या साल्वूची मला आठवण झाली.

पण डबा सुरू होईना. नारिंगी दिवा लुकलुकायचा, बस्स. कॉम्प्युटरवर त्याचं नावच दिसेना.

माझा डबा दोनदा रुसलेला, तेव्हा थोडं मला कळत होतं. आधी अडॅप्टर बदलून पाहिला, कारण थकलेला अडॅप्टर दिवा पेटवतो पण डिस्क फिरवायचा जोर त्याच्यात नसतो. काही फरक नाही. मग दोन्ही डिस्क बाहेर काढल्या. वरची कुठली, खालची कुठली ते नेलपॉलिशनं खूण करून ठेवलं, उगाच अदलाबदल नको. रिकामा डबा सुरू झाला असता तर दोष डिस्कचा. तोही मुका. म्हणजे रोग डब्यातच होता, आणि त्यातल्या त्यात ही बरी बातमी होती, डिस्कवरचं चित्रण शाबूत असणार. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, मागचं बटण दाबून धरा आणि डिस्कवरचं सगळं पुसून नव्यानं चालू करा. फिलोमेनानं फोन माझ्या हातातून ओढला आणि त्याला विचारलं, तुला वेन्झूनं किती पैसे दिलेत.

शेवटी स्क्रू काढले. आत पांढरी भुकटी, पिठाच्या गिरणीत असते तशी. कबुतरांच्या पिसांची भुकटी ती. जिथं कॅमेरा तिथं डबा, असा साल्वूचा सरळ हिशेब. कबुतरवेड्याशिवाय हा वेडेपणा कुणी केला नसता. पंखा जाम झाला होता आणि मेमरीची पट्टी खाचेत लिंपल्यासारखी बसली होती. फिलोमेनानं रंगाचा ब्रश घेतला आणि फटकाऱ्यागणिक वेन्झूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पट्टीचे सोनेरी दात मी खोडरबरानं घासले. मलाही चेव आला होता, खोटं कशाला बोलू. वेन्झूचं तोंड कसं पडतं ते मला बघायचं होतं.

पट्टी परत बसवली, पंखा फिरला, डबा एकदा किंचाळला. खुणा बघून डिस्क आत सरकवल्या. दिवा निळा झाला.

शर्यतीच्या दिवसाचं चित्रण सापडलं. राखी मादी आली. वेळेत काय, चांगली आधीच आली. फिलोमेनानं टेबलावर मूठ आपटली. पण मादी छपरावर बसली आणि आत जाईना. छपरावरच्या पाखराला शर्यतीत किंमत नाही, आत शिरेल तेव्हाच ते आलं. साल्वू दाण्यांचा डबा खुळखुळवत होता, मादी मान वाकडी करून खाली बघत होती आणि दर खेपेला दचकून मागे सरत होती. खाली दोरीवर पांढऱ्या चादरी फडफडत होत्या. फिलोमेना आणखी एक वाळत घालत होती.

शर्यतीच्या दिवशी कबुतरवाल्याच्या परसात रुमालसुद्धा वाळत पडत नाही. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चित्रात साल्वू तिच्याकडे वळला, तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा छपराकडे बघत उभा राहिला.

फिलोमेनानं चित्रण तिथंच थांबवलं. मला वाटलं, झालं, आता डबा परत फळीवर जाणार. मी तिला तसं सुचवलंही. ती म्हणाली, "रविवारी सभा आहे. तू गाडी काढ."

हॉलमध्ये तिनं ते चित्रण सगळ्यांना दाखवलं, चादरींसकट.  वेन्झू उठून म्हणाला, "मी माझा शब्द मागे घेतो, फिलोमेना. झालं गेलं विसरून जाऊ."

"मागे कशाला घेतोस? खोटं तो बोललाच," ती म्हणाली. "बायकोनं घात केला हे तुम्हाला कळू नये म्हणून बोलला. मलाही वाटलं होतं, पाखरू चादरींआधीच आत गेलं. आता मला विचार, चादरी का घातल्या."

वेन्झूनं नको म्हणून मान हलवली. 

"लग्नाचा वाढदिवस होता," फिलोमेना म्हणाली. "तो पहाटेपासून ढाबळीत. त्याला आठवण नव्हती. म्हटलं, हरू दे मेल्याला. धुतलेल्या चादरी कपाटातून काढून भिजवल्या मी."