मागच्या दिव्यात पाणी आणि मुरबाडला साडू

गॅरेजवाल्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, जुने टायर आणि किस्से. टायर भंगारवाला तरी उचलून नेतो. किस्से न्यायला कुणी येत नाही, म्हणून ते तुमच्या गळ्यात मारतोय.

त्यातही गाडीच्या मागच्या लाइटमध्ये पाणी साचल्याचे किस्से माझ्याकडे सगळ्यात जास्त. आमच्या शहापूर-मुरबाडकडची हवाच दमट. थंडीच्या सकाळी निम्म्या गाड्यांचे मागचे दिवे आतून घामेजलेले असतात. आणि यातल्या प्रत्येक किश्शात माझा साडू विलास येऊन बसतो, बोलावलेला नसताना.

विलास म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझं गॅरेज शहापूरला, त्याचं मुरबाडला. आमचे सासरे, आबा, धसईला. थोरला जावई मी, पण आबांची गाडी जाते विलासकडे. धसईहून मुरबाड जवळ पडतं, हे मला कळतं. पण कळलं म्हणून पोटातलं दुखणं थांबत नाही. मला आबा 'रमेशराव, तुमी' म्हणतात आणि त्याला 'अरे विलास'. मान मला, माया त्याला. आबांनी एकदा तरी आपली गाडी माझ्या हातात द्यावी, बाकी मला त्या घरातलं काही नको.

*

किन्हवलीचे एक गुरुजी आहेत. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी गाडीचा मागचा लाइट सुटा केला, बल्ब काढले आणि तो घरच्या तांदळाच्या पिंपात पुरला.

दिवा कोरडा झाला. पण बल्बच्या भोकांतून तांदळातले किडे आत शिरले. गुरुजींनी ब्रेक दाबला की लाल उजेडात किडे फेऱ्या मारायचे. मागचे मोटारसायकलवाले ओव्हरटेक करायचं सोडून बघत बसायचे.

अख्खी दुपार घालवून मी ते किडे काढले. गुरुजी खूश. म्हणाले, "विलास बोलला तसंच झालं."

"विलास काय बोलला?"

"आधी त्याच्याकडं गेलो होतो ना. तो बोलला, रमेशदादाकडं जा, ह्या कामाला माणूस रिकामा पायजे."

*

मागच्या लाइटला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते कंपनीनंच ठेवलेलं असतं, आतली वाफ बाहेर जायला. हे ज्याला माहीत नाही तो माझं गिऱ्हाईक.

सिद्धगडाच्या पायथ्याचा एक भातशेतीवाला जुनी गाडी घेऊन आला. दिव्यात इतकं पाणी, की गाडी वळली की लाट यायची. खाली बघतो तर भोक पक्कं बुजवलेलं.

"हे कुणी केलं?"

"मीच. बांधाला भोक दिसलं तर आमी बुजवतोच ना? नायतर पाणी ऱ्हाईल का?"

"अरे, पाणी राहायला नको आहे आपल्याला!" मी जरा चढ्या आवाजात त्याला समजावलं. दिवा काढला, भोक मोकळं केलं, मागचं रबर बदललं. तो शांतपणे ऐकत होता. जाताना म्हणाला, "मुरबाडचे विलासशेट पण हेच बोलले होते. पण ते हसून बोलले. तुमी वरडून बोलता."

मग विलासकडंच का नाही केलं, असं मी विचारलं. तर म्हणाला, "त्यांच्याकडं लाइन लय."

*

ती लाइन का असते? तर विलास ओला दिवा सुकवतो बायकोच्या केस वाळवायच्या मशीननं. हळूहळू, गप्पा मारत, चहा पाजत. लोकांना वाटतं, काय जपून करतोय.

माझा जीव जळला. मी सरळ गरम हवेची गन आणली, कारखान्यात वापरतात तसली. पहिल्याच दिवशी एका गाडीचा दिवा धरला, बटण दाबलं आणि जोरात फिरवली. पाणी गेलं. पाण्याबरोबर दिव्याचा आकारही गेला. लाल काच म्हणून जे असतं ते प्लास्टिक असतं, ते पापडासारखं वर आलं. नवीन दिवा माझ्या खिशातून बसवून दिला.

घरी येऊन जेवायला बसलो. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पानात भाकरी वाढता वाढता विचारलं, "ऐकू आलं ते खरं हाय का?"

"कुणाकडून ऐकलंस?"

"बहिणीचा फोन आलेला. विलास बोलले, दादाला पायजे तर आमचं मशीन घेऊन जा म्हणावं."

त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

*

आता आबांचं ऐका. एकदा ते शहापूरला लग्नाला आले. मी गॅरेजच्या दारातच उभा होतो. समोरून आबांची पांढरी गाडी आली, वळली आणि थेट माझ्या दारात थांबली. मागच्या उजव्या दिव्यात चक्क पाणी डुचमळत होतं. हात फडक्याला पुसून मी पुढे झालो.

आबा उतरले, गाडी लॉक केली, चावी खिशात टाकली.

"रमेशराव, इथं ठेवतो जरा. तुमच्या दारात सावली लय चांगली हाय."

"आणि तो दिवा, आबा?"

"तो विलास बघंल रविवारी."

लग्न लागून, जेवण होऊन ते परत येईपर्यंत मी त्या गाडीभोवती फिरत होतो. शेवटी दिवा बाहेरून पुसून ठेवला.

*

आणि आता हा शेवटचा.

दिवाळीच्या थोडं आधी, भर दुपारी, विलास स्वतःची गाडी घेऊन माझ्याकडे आला. इकडेतिकडे बघत गाडी थेट आत घातली.

"दादा, मागचा दिवा कितींदा उघडला. मशीननं सुकवला, रबर बदललं. दोन दिवस बरा ऱ्हातो, परत वाफ. गिऱ्हाईक हसतात रे."

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पण दिवा हातात आला की मला दुसरं काही सुचत नाही. बल्बची भोकं बंद केली, खालच्या भोकाला नळी लावून आत हवा सोडली आणि दिवा पंक्चर काढायच्या टबात बुडवला. दोघंही टबावर वाकलो. काच आणि काळी बॉडी जिथं चिकटते त्या सांध्यातून एक बारीक बुडबुडा आला. "तो बघ," दोघंही एकदम म्हणालो. केसासारखी चीर होती. दिवा सुकवून तिथं सिलिकॉन भरलं आणि रात्रभर वाळत ठेवला. तेवढा वेळ मला विलासचा राग आला नाही. नंतर आला.

गाडी न्यायला आला तेव्हा म्हणाला, "दादा, धसईला बोलू नको हां."

मी बोललो नाही.

पाडव्याला आम्ही दोघं जावई धसईला. अंगणात विलासची गाडी आणि आबांची गाडी शेजारी शेजारी. सकाळचं दव पडलेलं. विलासचा दिवा लख्ख, आबांचा धुरकट. आबा दोन्हींकडे बघत राहिले.

"अरे विलास, हा तूच केलास?"

विलासनं माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. "हां, आबा."

"कंपनीतनं आल्यासारखा वाटतो. माझा पण असाच कर." मग माझ्याकडे वळून, "रमेशराव, बघून ठेवा."

दोन दिवसांनी विलासचा फोन. "दादा, आबांची गाडी घेऊन येतोय. मागच्या बाजूनं आत घेऊ का?"

मी म्हटलं, "ये."

अशी आबांची गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली. उजवा दिवा केला. डावा चांगला होता, तोही उघडून बघितला. मागची रबरं नवी घातली. नळीनं पाणी मारून मारून तपासलं. काही काम नसताना डिकीच्या बिजागरीला तेल घातलं. विलास खुर्चीवर बसून बघत होता.

संध्याकाळी आबांचा फोन. "रमेशराव, विलासनं काय काम केलंय. सवडीनं येऊन बघून जा. शिकायला कसली आलीय लाज?"

दुसऱ्या दिवशी शटर लावून गेलो. आबांनी स्वतः गाडीत बसून ब्रेक दाबून दाखवला, डिकी उघडून दाखवली. मी मागे उभा राहून, वाकून वाकून सगळं बघितलं.

"कसं वाटतं?" आबांनी आतून विचारलं.

"हात चांगला आहे, आबा."

"मग! म्हणून तर दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी देत नाय मी."